झेला मुलांच्या हातात राहू द्या

पत्र : मी गुहागर तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयात विज्ञान शिकवते. शाळा सुटल्यावर आठवी-नववीच्या पाच मुलांचा एक गट घेऊन मी अभियांत्रिकी रचना स्पर्धेची तयारी करून घेते. गेल्या वर्षी मुलांनी आंबे उतरवण्याचा एक नवा झेला, म्हणजे टोकाला पाते आणि जाळी असलेली लांब काठी, तयार केला होता. परीक्षकांनी विचारले, ‘याने किती आंबे उतरवले? नेहमीच्या झेल्यापेक्षा हा चांगला आहे, हे कशावरून?’ मुले गप्प राहिली. बक्षीस एका शाळेच्या रिमोटवर चालणाऱ्या यंत्राला मिळाले. त्या शाळेत सुसज्ज प्रयोगशाळा आहे, आमच्याकडे नाही. यंदाची स्पर्धा डिसेंबरात आहे. पुण्यात नोकरी करणारा आमचा एक माजी विद्यार्थी अभियंता आहे, तो मोटर आणि कॅमेरा बसवलेला झेला स्वतः बनवून पाठवायला तयार आहे. मुख्याध्यापक खूश आहेत. मला हे पटत नाही, पण नाही कसे म्हणावे ते कळत नाही. शिवाय डिसेंबरात आंबा नसतो, मग चाचणी घ्यायची कशावर? गटातल्या दोन्ही मुली अक्षर चांगले म्हणून फक्त वही लिहितात. दोन पालकांना पुढच्या वर्षीच्या दहावीची काळजी लागली आहे. वही मराठीत ठेवावी की इंग्रजीत, हाही प्रश्न आहे.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्याला जे पटत नाही, ते न पटण्यासारखेच आहे. तयार यंत्र घेऊ नका. माजी विद्यार्थ्याची मदत मात्र जरूर घ्या, कारण गावातून शिकून गेलेला माणूस स्वतःहून शाळेसाठी वेळ द्यायला पुढे येतो, ही गोष्ट त्याने देऊ केलेल्या मोटरपेक्षा फार मोलाची आहे. ती मदत कोणत्या रूपात घ्यायची एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर या स्पर्धा कशासाठी असतात यात आहे.

शाळकरी मुलांच्या रचना स्पर्धा नुसत्या वस्तूला गुण देत नाहीत. अडचणीपासून वस्तूपर्यंत मुले कोणत्या वाटेने आली, हेही त्या पाहतात. जगभर खेळल्या जाणाऱ्या ‘फर्स्ट लेगो लीग’मध्ये अडीच मिनिटांचा रोबोटचा सामना सर्वांना दिसतो, पण तो मूल्यमापनाच्या चार भागांपैकी एक आहे. रोबोट असा का घडवला याचे स्पष्टीकरण, एखाद्या खऱ्या अडचणीवरचा अभ्यासप्रकल्प आणि गटाने एकमेकांशी व इतरांशी कसे वागून काम केले, हे उरलेले तीन भाग आहेत. अमेरिकेत 1978 साली सुरू झालेल्या ‘ओडिसी ऑफ द माइंड’ या स्पर्धेत तर बाहेरच्या व्यक्तीने रचनेत किंवा बांधणीत हात घातल्यास गुण कापले जातात. पालकांनी साधने वापरायला शिकवलेले तिथे चालते, पण काय बनवायचे आणि कसे बनवायचे हे मुलांनीच ठरवावे लागते. आपल्या स्पर्धेची नियमावली गटासह बसून मोठ्याने वाचा. त्यात बाहेरच्या मदतीबद्दल एखादे कलम असेल, तर मुख्याध्यापकांशी बोलताना तेच आपल्या उपयोगी पडेल, आणि नसेल, तरीही परीक्षकांच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नापाशी परक्याचे यंत्र उघडे पडते, हे त्यांना शांतपणे सांगता येईल. ‘ही मोटर एवढ्याच ताकदीची का घेतलीत?’ या प्रश्नाला पुण्यात बसलेला अभियंता उत्तर देऊ शकणार नाही.

आता गेल्या वर्षीच्या निकालाकडे वळतो. मोटर नव्हती म्हणून आपली मुले मागे पडली, असे मला आपल्या पत्रातून दिसत नाही. परीक्षकांनी विचारलेले दोन्ही प्रश्न रास्त होते, किंबहुना झेल्याबद्दल विचारावेत असे तेच दोन प्रश्न होते, आणि मुलांपाशी त्यांची उत्तरे नव्हती. मुलांनी झेला बनवला, कदाचित घरच्या कलमावर चार आंबे उतरवूनही पाहिले असतील, पण मोजले काही नाही. यंदा त्यात भर घालायची ती मोजमापाची. त्यासाठी सुसज्ज प्रयोगशाळा लागत नाही. केंद्र शासनाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत 2016 पासून निवडलेल्या शाळांना 20 लाख रुपयांपर्यंतचे अनुदान मिळते आणि थ्रीडी प्रिंटर, सेन्सर अशी सामग्री येते. ती मिळाली तर आनंदच आहे, आणि जवळच्या एखाद्या शाळेत अशी लॅब असेल तर तिथल्या शिक्षकांना पत्र लिहून एखादा दिवस मुलांना तिथे नेण्याची विनंती करायला काहीच हरकत नाही. पण झेल्याच्या प्रश्नाला लागणारी साधने तराजू, मोजपट्टी आणि सेकंद दाखवणारे घड्याळ एवढीच आहेत.

मोटरचा विचारही मुलांना करू द्या, मात्र हिशेबाने. चार मीटरच्या काठीच्या टोकाला मोटर, बॅटरी आणि वायर मिळून समजा अर्धा किलो वजन वाढले. काठी आडवी धरली आहे, मागचा हात बुडख्याशी आहे आणि पुढचा हात त्यापासून अर्ध्या मीटरवर आहे, असे धरा. तरफेच्या नियमाने पुढच्या हातावर चार किलोंचा जादा भार येतो आणि मागच्या हाताला साडेतीन किलोंच्या जोराने बुडखा खाली दाबून धरावा लागतो. काठी उभी होत जाईल तसा हा भार कमी होतो, पण फांदीच्या पोटातल्या आंब्यापर्यंत पोचायला काठी तिरपी करावीच लागते, आणि आंबे उतरवणारा माणूस दिवसभरात हे शेकडो वेळा करतो. हा हिशेब नववीच्या मुलांना येतो. त्यांना तो फळ्यावर करू द्या, मग विटेचा अर्धा किलोचा तुकडा काठीच्या टोकाला बांधून प्रत्येकाला पाच मिनिटे काठी धरायला लावा. एवढे करूनही दोरी ओढून पाते चालवण्यात खरी अडचण आहे आणि मोटरने ती सुटते असे त्यांना चाचणीतून दिसले, तर मोटर बसवावी. निर्णय कोणताही होवो, त्यामागचे कारण त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगता आले पाहिजे.

डिसेंबरात आंबा नसतो, ही आपण मांडलेली अडचण मला सर्वांत महत्त्वाची वाटली. खरी वस्तू हाताशी नसताना तिच्या जागी काय ठेवून चाचणी घ्यायची, हा प्रश्न मोठमोठ्या अभियंत्यांनाही नेहमी सोडवावा लागतो. मुलांना प्रथम एवढेच विचारा की, झेल्याकडून आपल्याला नेमके काय हवे आहे. माझ्या समजुतीप्रमाणे ते तीन गोष्टी सांगतील. फळ देठासह यावे, कारण देठ मुळातून तुटला की चीक फळावर ओघळतो आणि सालीवर डाग पडून भाव उतरतो. फळ जाळीत पडताना आपटू नये, कारण आत लागलेला मार वरून दिसत नाही आणि पेटीत पिकताना तो आंबा सडतो. आणि वेळ कमी लागावा. या तिन्ही गोष्टींची चाचणी आंब्याशिवाय घेता येते, मात्र प्रत्येकीसाठी वेगळी सोय करावी लागते.

देठ कापण्याच्या चाचणीसाठी कलमाच्या कोवळ्या, देठाएवढ्या जाडीच्या ताज्या डहाळ्या घ्याव्यात आणि त्यांना अडीचशे ग्रॅम वाळू भरलेल्या कापडी पिशव्या बांधून त्या उंच टांगाव्यात, म्हणजे आंब्याच्या वजनाच्या जवळपासचे काहीतरी काठीच्या टोकाशी येईल. डहाळी आणि देठ सारखे नसतात, हे मुलांनी वहीत लिहून ठेवावे. मार लागण्याच्या चाचणीसाठी आपल्याकडे एक फार सोयीची वस्तू आहे. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात, सणानंतर उरलेली शाडूची माती मागून आणा. तिचे सारख्या ओलसरपणाचे, अडीचशे ग्रॅमचे गुळगुळीत गोळे करा आणि एकेक गोळा ठरावीक उंचीवरून झेल्याच्या जाळीत सोडा. गोळा जिथे आपटेल तिथे चपटा होईल. त्या चपट्या जागेची रुंदी मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये मोजता येते. एक जाळी ताणून बांधलेली, दुसरी सैल, तिसरीच्या तळाशी काथ्याची गादी, अशा तऱ्हेने बदल करत गेल्यास कोणत्या जाळीत फळाला कमी मार बसेल हे आकड्यांतून दिसू लागेल.

इथे एका शिस्तीचा आग्रह धरा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जाळीही बदलली आणि पात्याचा कोनही बदलला, तर सुधारणा कशामुळे झाली हे कोणालाच सांगता येत नाही. प्रत्येक बदलानंतर निदान वीस वेळा तीच कृती करावी, कारण दोन-तीन वेळांत नशिबाचा भाग मोठा असतो. आणि प्रत्येक वेळी शेजारी नेहमीचा, बागेत वापरला जाणारा झेला ठेवून त्याच्यावरही तेवढ्याच चाचण्या घ्याव्यात. एका मुलाने आधी वीस वेळा जुना झेला चालवला आणि मग दमलेल्या हातांनी नवा घेतला, तर तुलना खोटी ठरेल, म्हणून अर्ध्या मुलांनी नव्यापासून आणि अर्ध्यांनी जुन्यापासून सुरुवात करावी. वीसपैकी किती देठासह आले, किती जाळीबाहेर पडले आणि वीस उतरवायला किती वेळ लागला, एवढ्या तीन रकान्यांचा तक्ता परीक्षकांसमोर ठेवला की गेल्या वर्षीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मुलांच्या हातात असतील. नवा झेला एखाद्या रकान्यात जुन्यापेक्षा मागे पडला, तर तो आकडाही तसाच दाखवावा. परीक्षक अशा आकड्यावर विश्वास ठेवतात, आणि तो लपवायला मुलांना शिकवणे आपल्याला शोभणार नाही.

चाचणीच्या आधीची एक पायरी गेल्या वर्षी राहून गेली असावी, असे पत्रावरून वाटते. या प्रश्नावर आपल्याकडे आधीच काम झालेले आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘नूतन झेला’ विकसित केला आणि तो बागायतदारांत वापरला जातो. तो पाहिल्याशिवाय आपला झेला नवा आहे असे म्हणता येणार नाही. आपल्या तालुक्यातून दापोली दूर नाही. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरले की पुढचा रस्ता सरळ आहे. विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालयही आहे. शाळेच्या पत्राने भेटीची वेळ मागावी आणि मुलांनी आपले प्रश्न आधी लिहून न्यावेत. त्याहूनही जवळचे जाणकार म्हणजे प्रत्यक्ष आंबे उतरवणारी माणसे. आपल्या बागांतून आज स्थानिक गड्यांबरोबर नेपाळहून आलेले कामगारही हे काम करतात. त्यांचे खांदे दिवसअखेर कुठे दुखतात, ऊन डोळ्यांवर आले की चौदा आणे तयार झालेला आंबा ते कसा ओळखतात, झेल्याचा कोणता भाग आधी मोडतो, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. आठवीच्या मुलाने एखाद्या कामगारासमोर बसून आदराने हे विचारावे आणि त्याचे म्हणणे लिहून घ्यावे, ही गोष्ट मला स्वतःला बक्षिसाइतकीच मोठी वाटते. जाळीसाठीही असेच करा. किनाऱ्यावर जाळी विणणारे आणि सांधणारे कोणी ना कोणी प्रत्येक गावात असते. आसाचा, म्हणजे जाळीच्या छिद्राचा, आकार किती ठेवावा आणि गाठ कोणती मारावी, हे मुलांनी त्यांच्याकडून शिकावे.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र आपण स्वतः पूर्ण लक्ष घालावे, कारण हा भाग मुलांवर सोडण्याचा नाही. काठी हलकी हवी म्हणून ॲल्युमिनियमचा पाइप घेण्याची कल्पना कोणाच्या तरी डोक्यात येईलच. आपल्या बागांमधून विजेच्या तारा जातात, आणि धातूची लांब काठी तारेला लागली तर जीव जाऊ शकतो. ओला बांबूही सुरक्षित नसतो. चाचणीची जागा तारांपासून लांब, मोकळ्या मैदानात ठरवा आणि पावसात काठी उचलू नका. पात्याला म्यान असल्याशिवाय झेला एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचा नाही, आणि टांगलेल्या पिशवीच्या बरोबर खाली कोणी उभे राहायचे नाही, हे दोन नियम पहिल्याच दिवशी घालून द्या. खाऱ्या दमट हवेत पाते लवकर गंजते आणि गंजलेले पाते कापण्याऐवजी ओढते, तेव्हा दर खेपेला ते पुसून तेलाचा हात फिरवावा.

माजी विद्यार्थ्याला आता काय लिहावे? त्याचा उत्साह मोडू नका. त्याला स्पष्ट सांगा की, आम्हाला तुझे यंत्र नको, तुझा शनिवारचा अर्धा तास हवा आहे. सकाळची शाळा सुटल्यावर मुलांनी व्हिडिओ कॉलवर त्याला आठवड्याचे काम दाखवावे आणि त्याने फक्त प्रश्न विचारावेत. ‘हे असे का केले?’, ‘दुसरा मार्ग होता का?’, ‘हे तुम्ही मोजले का?’ उत्तर त्याला ठाऊक असले तरी त्याने ते लगेच सांगू नये. अभियंत्याला हे फार जड जाते, म्हणून आधीच कबूल करून घ्या. एखादे साधन कसे वापरायचे, स्प्रिंग तराजूने पात्याची दोरी ओढायला लागणारा जोर कसा मोजायचा, आकृतीत मापे कशी दाखवायची, हे शिकवायला त्याने जरूर शिकवावे. त्याला खर्चच करायचा असेल, तर एक चांगला तराजू शाळेला भेट द्यावा, तो पुढच्या गटांनाही उपयोगी पडेल. मुख्याध्यापकांना शाळेचे नाव व्हावे असे वाटते, यात गैर काही नाही. त्यांना एका शनिवारी चाचणी पाहायला बोलवा आणि वीसपैकी किती आले हे मोजण्याचे काम त्यांच्याकडेच द्या. मुले काय करत आहेत हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला तयार यंत्राचा आग्रह धरणे अवघड जाते.

मुलींच्या बाबतीत आपण तातडीने बदल करा. चांगले अक्षर ही त्यांची शिक्षा होता कामा नये. दर आठवड्याला कामे फिरवा. काठी एक जण चालवील, एक जण वेळ घेईल, एक मोजेल, एक लिहील आणि एक दुरुस्ती करील, आणि पुढच्या शनिवारी सगळ्यांची जागा बदलेल. करवत आणि ड्रिल पाचही जणांच्या हातात गेलेच पाहिजे, आणि वहीत पाच प्रकारची अक्षरे दिसली पाहिजेत. परीक्षक कोणालाही कोणताही प्रश्न विचारू शकतात, तेव्हा एकाने बोलायचे आणि चौघांनी उभे राहायचे, ही पद्धत तशीही टिकत नाही.

वही मराठीतच ठेवा. मुले ज्या भाषेत विचार करतात त्याच भाषेत चुका नीट लिहिल्या जातात. बांधीव वही घ्या, पानांना आधी क्रमांक घाला, दर वेळी तारीख टाका आणि फसलेल्या प्रयत्नाचे पान फाडू देऊ नका. स्पर्धेच्या पुढच्या फेरीत इंग्रजी सारांश मागितला, तर तो दोन पानांचा सारांश त्या वेळी मुलांनी इंग्रजीच्या शिक्षकांच्या मदतीने तयार करावा.

पालकांची काळजी खोटी नाही. दहावीला लागणारा वेळ या कामाने खाल्ला, तर त्यांनी मुलाला गटातून काढणे मी चूक म्हणणार नाही. म्हणून वेळ आधीच बांधून घ्या. आठवड्यातून एक दिवस शाळा सुटल्यावर तासभर आणि शनिवारी दुपारच्या एसटीपर्यंत, याहून अधिक नको, आणि शेवटची गाडी चुकेल इतका उशीर तर कधीच नको. सहामाही परीक्षेच्या आठवड्यात काम पूर्ण बंद ठेवा. तरफ, वजन, घर्षण आणि सरासरी हे त्यांच्या अभ्यासातलेच विषय आहेत, हे पालकांना वही उघडून दाखवा, मात्र यामुळे गुण वाढतील असे आश्वासन देऊ नका.

आणखी एक सूचना. आपल्या गटातील एखाद्या मुलाला किंवा मुलीला स्वतःची वेगळी कल्पना सुचली असेल, तर तिच्यासाठी इन्स्पायर-मानक ही योजना आहे. तिथे गट नसतो. शाळा विद्यार्थ्यांच्या कल्पना ऑनलाइन नोंदवते आणि निवड झालेल्या विद्यार्थ्याच्या बँक खात्यात नमुना तयार करण्यासाठी 10,000 रुपये जमा होतात. पण पाच जणांनी मिळून केलेला झेला एकाच्या नावाने तिथे पाठवू नका, त्याने गट तुटेल.

डिसेंबरच्या स्पर्धेत परीक्षकांनी ‘खऱ्या आंब्यावर चाचणी घेतली का?’ असे विचारले, तर मुलांनी ‘अजून नाही, हंगामात घेणार आहोत’ असे सरळ सांगावे. मग ते कराच. वार्षिक परीक्षा संपली आणि बागेत आंबा उतरू लागला की बागायतदाराची परवानगी घेऊन तीच वीस-वीसची चाचणी खऱ्या फळांवर घ्या, उतरवलेले आंबे अढीत पिकवून कोणत्या झेल्याचे किती सडले ते मोजा, आणि मातीच्या गोळ्यांनी दिलेला अंदाज कितपत जुळला, हे त्याच वहीच्या पुढच्या पानावर लिहायला लावा.